सुकेळीच्या लेखाची तारीख

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, तुझ्या सुकेळीच्या लेखाखाली ते काय लिहिलंयस? 'मधले आठ दिवस हा लेख वाचकांना दिसत नव्हता. चूक माझी.' असं कोण लिहितं?" मी म्हटलं, सांगेन. मग तुमची कुठेतरी बाहेर निघायची घाई सुरू झाली आणि ते राहून गेलं. मोठीला यातली अर्धी गोष्ट ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी तिलाच फोन केला होता. पण तिच्याजवळची अर्धी म्हणजे आजीने घातलेला गोंधळ. उरलेली अर्धी जिंकण्याची आहे आणि ती मीच सांगितलेली बरी.

आताच लिहिते आहे, कारण यंदाचा मांडव उतरवून झाला, सुकेळी डब्यांत गेली आणि या हंगामाची माझी वही परवा बंद केली. आकडे समोर आहेत. शिवाय मोठी आजी दुपारी ओटीवर बसलेली असते. तिचं बोलणं लिहिताना चुकले तर ती लगेच सुधारते.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, हे तुम्हाला माहीत आहे. मी लग्न होऊन सांडोरला आले तेव्हा मला इंग्रजी व्यवहाराची पत्रं तोंडपाठ होती, पण केळीचं पान आणि कर्दळीचं पान वेगळं ओळखता येत नव्हतं. तिने मला ते शिकवलं, आणि शिकवताना पुरेशी हसलीही. सासूबाईंनंतर सुकेळीचा मांडव तिच्याकडे आला. त्यासाठी राजेळी जातीचीच केळी लागतात. लोंगर, म्हणजे केळ्यांचे घड, पिकवायचे, केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. अशी सात उन्हं. सातव्या उन्हानंतर केळं मधाच्या रंगाचं होतं आणि बोटांना चिकटतं. मग केळीच्याच सुक्या पानात घट्ट गुंडाळायचं. मी आले तेव्हा आमच्या आळीत दसऱ्यानंतर घरोघर मांडव असत. आता एकच उरला आहे, मोठ्या आजीचा.

माझं काम मात्र शेवटपर्यंत कागदांचं. फोर्टातल्या एका कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर बसले ती निवृत्त होईपर्यंत. त्या टेबलाचा नियम सोपा होता. प्रत्येक कागदाला दोन तारखा असतात. एक कागदावर लिहिणाऱ्याने घातलेली आणि दुसरी आपल्या शिक्क्याची, म्हणजे तो कागद आपल्याकडे पोचला त्या दिवसाची. पहिली लिहिणाऱ्याची, दुसरी आपली. दोन्हींना नंतर हात लावायचा नाही. हा नियम मी नव्या मुलींना शिकवत असे. त्यामुळे पुढे मी जे केलं ते जास्तच लाजिरवाणं आहे.

ब्लॉग मोठीने सुरू करून दिला, चार वर्षांपूर्वी मेच्या सुट्टीत आली होती तेव्हा. पहिला लेख सुकेळीचाच. मे महिन्यात सुकेळी कोणी करत नाही, पण ती इथे होती म्हणून लिहिला. त्यानंतर अळू, वेलीवरची पानं, विहिरीचा रहाट, पाटाचं पाणी असं बरंच लिहिलं. रोज सकाळी चहा झाला की आदल्या दिवशी ब्लॉगवर किती माणसं येऊन गेली ते मी बांधणीच्या वहीत लिहून ठेवते. मोठी म्हणाली होती, "आजी, ते कॉम्प्युटर ठेवतो लिहून." मी म्हटलं, ठेवू दे, मीही ठेवते.

वहीत एक गोष्ट दरवर्षी दिसायची. गणपती गेले की आकडे चढायला लागायचे, दिवाळीच्या सुमारास शेंड्यावर पोचायचे आणि तुळशीचं लग्न झालं की उतरायचे. लेख मेमधला, पण माणसं यायची ती केळी सुकवायच्या दिवसांत. मला त्यात विशेष वाटलं नव्हतं. बाजारात सुरण कधी येतो हे जसं आपण गृहीत धरतो, तसंच ते मी धरलं होतं.

या भाद्रपदात काकाने टर्फचा विषय काढला. काका म्हणजे मोठ्या आजीचा मुलगा. टर्फ म्हणजे हिरवी सतरंजी अंथरून, भोवती जाळी लावून केलेलं क्रिकेटचं छोटं मैदान. पंपांच्या कंपनीतून तो आता दोन वर्षांत निवृत्त होईल. नव्या इमारतींतल्या मुलांना खेळायला जागा नाही हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्या मैदानाच्या एका बाजूचे खांब राजेळीच्या दोन ओळींवर येत होते.

"काकी, दोनच तर ओळी आहेत," तो मला म्हणाला. आम्ही विहिरीपाशी उभे होतो.

"त्या दोन ओळी म्हणजे तुझ्या आईचा मांडव आहे."

"आईचे गुडघे बघ. मांडवावर वाकणार कोण? आणि खाणार कोण? आजच्या पोरांना सुकेळं दाखवलं तर विचारतात, हे खराब झालंय का."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोठी आजी ओरडली, "तुझ्याच पोराने विचारलंन ते! लोकांच्या पोरांना नावं नको ठेवू!"

तो हसला, पण बेत बदलला नाही. तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "वहिनी, तुम्ही एकदा सांगा ना त्याला. तुमचं तो मोडणार नाही."

"मोडणार नाय, म्हणूनच नाय सांगणार," ती म्हणाली. "मी मागितलं की तो ठेवील. मग दर वेळी त्या खांबाकडे बघून मनात म्हणेल, आईपायी वाकडा घातला. असलं दयेचं ठेवलेलं मला नको. कोणाला सुकेळं हवं असेल तर राहू दे राजेळी. कोणालाच नको असेल तर मी तरी कोणासाठी सात उन्हं वाकू?"

तिने ते रागाने म्हटलं नाही. तांदूळ निवडता निवडता म्हटलं आणि पुढचा खडा काढला. मला मात्र त्या दिवशी कळलं की हा मांडव गेला तर ती ओटीवर नुसती बसून राहील. तिला तसं बसलेलं मी अख्ख्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

म्हणून मी माझी वही घेऊन काकाकडे गेले. त्याने आकडे नीट बघितले. पंपांचे तक्ते वाचणारा माणूस आहे, उडवून लावत नाही. मग फोनवर लेख उघडला आणि मथळ्याखाली बोट ठेवलं.

"काकी, हे बघ. चार वर्षांपूर्वीचा मे. शिळ्या पेपरसारखं वाटतं. लोक चुकून येत असतील, तारीख बघून परत जात असतील. तू मला आत्ताचं दाखव. आज कोणी हे शोधतंय का? दसऱ्याला टर्फवाला मापं घ्यायला येणार आहे. तोवर दाखवलंस तर त्याला खांब फिरवायला सांगतो. शब्द देतो."

त्याच्या शब्दाची मला काळजी नव्हती. काळजी होती ती त्या तारखेची. दोन दिवस मी स्वतःशी भांडले. तारीख बदलायची म्हणजे मी आयुष्यभर इतरांना जे करू दिलं नाही तेच. शेवटी मी पळवाट काढली. लेखच नव्याने लिहायचा, मोठ्या आजीकडून राहिलेल्या खुणा विचारून घ्यायच्या, नवे फोटो घालायचे. म्हणजे तो नवा लेख होईल आणि नव्या लेखाला नवी तारीख रास्त आहे.

तसं केलं. तिसऱ्या उन्हाला केळं दाबून बघताना अंगठा किती रुतला पाहिजे हे तिने मला स्वतःच्या दंडावर दाबून दाखवलं. झाकायला पानं कोणती, माश्यांना काय करायचं, आभाळ आलं तर काय, सगळं लिहून घेतलं. सगळं तयार झाल्यावर मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आता आजची तारीख घालते."

"आज काय? षष्ठी ना? पितृपक्षात नवं काढतेस?"

"नवं नाही वहिनी, जुनंच आहे."

"जुनंच आहे तर तारीख कशाला बदलतेस?"

तीस वर्षं मी जो प्रश्न विचारला तोच तिने मला विचारला होता. मग तीच म्हणाली, "घटस्थापनेची घाल. चांगला दिवस आहे. चांगल्या दिवशी निघालेलं चांगलं चालतं."

मी तिथी-वार फारसं मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ती मानते आणि केळी तिची. शिवाय पुढची तारीख घालणं मला नवं नव्हतं. कचेरीत साहेब उद्या सही करणार असले की आम्ही पत्रावर आजच उद्याची तारीख टाइप करून ठेवत असू. म्हणून मी घटस्थापनेच्या सकाळची तारीख घातली आणि बटण दाबलं. लेखाच्या नावाशेजारी घड्याळाचं एक छोटं चित्र आलं. ते मला शोभेचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहायला बसले तर माणसं आली होती दोन. त्याआधी या दिवसांत रोज चाळीस-पन्नास तरी येत. मग एक. मग तीन. एका दिवशी शून्य. मी घाबरले नाही, कारण माझ्याजवळ खुलासा तयार होता. नवी तारीख म्हणजे नवी वही, पहिल्या पानापासून सुरुवात. चढायला वेळ लागणार. मोठ्या आजीजवळही खुलासा होता. "पितरांचे दिवस आहेत. गोडाधोडाचं कोण बघतंय?" दोघी मिळून आम्ही आठ दिवस शांत राहिलो. तुमच्या आजोबांचं श्राद्धही त्यातच आलं.

आठव्या दिवशी रविवार होता. काका सकाळीच आला. हातात फोन.

"काकी, तुझा लेख कुठाय?"

"आहे की."

"नाहीये. काल ऑफिसात दोघांना दाखवायला उघडला. म्हटलं, काकी म्हणते त्यात तथ्य आहे का बघा. तर हे."

फोनवर इंग्रजीत एक ओळ होती की असं पान इथे नाही. मी ती दोनदा वाचली. मग माझ्या लॅपटॉपवर आकड्यांचा आलेख उघडला. गणपती गेल्यापासून हळूहळू वर चढत आलेली रेष एका जागी कड्यावरून पडावी तशी खाली आली होती आणि आठ दिवस जमिनीला लागून सरळ चालली होती.

तो चिडला नाही, हसलाही नाही. "राहू दे, काकी," एवढंच म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या "राहू दे"मध्ये दोन ओळी उपटल्या गेल्या हे मला समजलं. चार वर्षांची माणसंही मी पुसून टाकली असं वाटलं. मोठी आजी ओटीवर भिजवलेल्या वालाचे बिरडे सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण सोलायची थांबली.

मी मोठीला फोन लावला. इथे रविवारची सकाळ, तुमच्याकडे अजून शनिवारची संध्याकाळ होती.

"आजी, नीट वाच. लेखाच्या नावाशेजारी काय लिहिलंय?"

"घड्याळ आहे. आणि 'शेड्यूल्ड' असं लिहिलंय."

मग ती जी हसायला लागली! "आजी! तू लेख भविष्यात टाकलायस! तो त्या दिवसापर्यंत बाहेर येणारच नाही. आत ठेवून दिलाय त्याने!"

मला एकदम आमचे ट्रे आठवले. उद्याच्या तारखेचं पत्र आम्ही टाइप करायचो खरं, पण ते आज पाठवत नसू. ते उद्यापर्यंत ट्रेमध्ये पडून राही. यंत्राने अगदी माझ्या टेबलासारखं वागून माझं पत्र ट्रेमध्ये ठेवलं होतं. चूक यंत्राची नव्हतीच.

"आणि आधीचे आकडे? चार वर्षांचे?"

"ते कुठे जातायत? लेखाला चिकटलेले असतात गं ते. तू तारीख काहीही घाल, माणूस ज्या दिवशी आला त्याच दिवशी मोजला जातो. लेखाची तारीख बदलली म्हणून आलेला माणूस मागे-पुढे होत नाही."

बाळांनो, ही माझी दुसरी तारीख होती. शिक्क्याची. लेखावरची तारीख लिहिणाऱ्याची, म्हणून ती मला बदलता आली. येणाऱ्यांवरचा शिक्का माझ्या हातात नव्हता, म्हणून तो शाबूत राहिला. जे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायचे ते मला म्हातारपणी माझ्या नातीने फोनवर शिकवलं.

"आता आजची तारीख घाल," मोठी म्हणाली. "एकदम वरती येईल तुझ्या ब्लॉगवर."

"नाही," मी म्हटलं. जुनी तारीख, वेळेसकट, माझ्या वहीत होती. तीच परत घातली. सुधारलेला मजकूर तसाच ठेवला आणि खाली लिहिलं की तो कधी सुधारला. आणि ती ओळही लिहिली, जिच्याबद्दल धाकटा विचारत होता. कागद मधे गहाळ झाला असेल तर तसं नोंदवायचं असतं. काकाच्या फोनवर मिनिटभरात लेख उघडला.

फोन ठेवता ठेवता मोठीने विचारलं, "आणि ई-मेल बघितलंस का?" ब्लॉगचं ई-मेल मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी बघते. तसं ठरलेलं आहे. त्या दिवशी नियम मोडला.

चौदा पत्रं होती. चार वर्षांत मिळून एवढी आली नव्हती. सगळी त्या आठ दिवसांतली आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. लेख कुठे गेला?

मी लॅपटॉप ओटीवर नेला आणि आलेल्या क्रमाने वाचायला लागले. परदेशात राहणाऱ्या एकाची आई वसईची होती. दरवर्षी या दिवसांत तो फक्त फोटो बघायला यायचा. एक शाळामास्तर मुलांना वाचून दाखवणार होते. कोणी उद्धटपणे लिहिलं होतं की लिहायचं तर नीट टिकवावं. मोठी आजी बिरडे सोलत ऐकत होती, मधे एकदा "उद्धट काय, बरोबरच बोलला तो" म्हणाली. पाचवं पत्र खानदेशातल्या एका बाईंचं होतं. मी वाचलं: "आमच्याकडे पाऊस थांबलाय म्हणून तुमचं वाचून केळी गच्चीवर घातली आहेत. आज तिसरं ऊन. पुढचं वाचायला उघडलं तर पान गायब. केळ्यांना पाणी सुटलंय. फेकून देऊ का?"

"फेकून?" मोठी आजी उभी राहिली. मांडीवरचे बिरडे ओटीभर उडाले. "अगं फेकते काय! तिसऱ्या उन्हाला पाणी सुटतंच! सुटलंच पाहिजे! लिही तिला. आधी विचार, कधी धाडलंन पत्र?"

"काल दुपारी."

"म्हणजे आज चौथं. लिही, उलटी कर. प्रत्येक केळं उलटं कर. संध्याकाळी टोपलीत भर आणि वरून पान घाल, प्लास्टिक नको, प्लास्टिकने आंबतात. आणि तिच्याकडे राजेळी नसणार, तिकडली केळी बारीक, तिला सात नको. पाच उन्हं बस. लिहिलंस? वाच बघू."

मी वाचलं. तिने दोन शब्द बदलायला लावले. "आणि लिही, हात तुपाचा लाव, नायतर चिकटून साल निघेल."

"वहिनी, साल तर आधीच काढलेली असते."

"बोटांची साल गं!"

काका पायरीवर बसला होता. आईकडे बघत होता. त्या दिवशी तिने एका जागी उभं राहून चौदाच्या चौदा पत्रांना उत्तरं सांगितली, गुडघ्यांचं नावही न काढता. मास्तरांना तिने मुलांसाठी वेगळा निरोप दिला की सुकेळं काळं दिसलं तर नाक मुरडायचं नाही, आधी खायचं. हा निरोप सांगताना ती काकाकडे बघत होती.

मी टाइप करत असताना काकाने लॅपटॉपच्या कडेला उघडा राहिलेला आलेख पुन्हा बघितला. पडलेल्या रेषेवर त्याने बोट ठेवलं.

"काकी, तुझे बाकीचे लेख तर चालू होते ना या आठ दिवसांत?"

"होते की. अळू, रहाट, सगळे."

"मग रेष शून्यावर का आली?" त्याने स्वतःच उत्तर दिलं. "म्हणजे येणारे जवळपास सगळे या एकाच लेखासाठी येत होते. कुठला वाफा कुठल्या पाटावर आहे हे कळत नसलं की बाबा काय करायचे? एका पाटाचं तोंड बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी काय सुकलं ते बघायचे. तू तेच केलंस."

"मी मुद्दाम नाही केलं रे."

"म्हणून तर खरं," तो म्हणाला. "तू आज तारीख घालून आकडे चढवून दाखवले असतेस तर मी म्हटलं असतं, काकीने काहीतरी केलंय. हा खड्डा कोण खोटा करणार?"

मोठी आजी म्हणाली, "आठ दिवस झाकून ठेवलेलं, मग उघडलं. सुकेळ्यासारखंच झालं ते." आणि खाली बसून विखुरलेले बिरडे गोळा करायला लागली. काका तिच्याबरोबर गोळा करू लागला.

दसऱ्याला टर्फवाला आला. काकाने त्याला मापं घेताना एवढंच सांगितलं, "या बाजूला नाही. मैदान आडवं घ्या." टर्फवाल्याने कागदावर दोन रेघा मारल्या, मान हलवली आणि काम झालं. आम्ही महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती ते एका वाक्यात उरकलं.

खानदेशातल्या बाईंचं उत्तर त्याआधीच, आम्ही लिहिल्याच्या तिसऱ्या दिवशी आलं होतं, सोबत फोटो. पाचव्या उन्हाची केळी स्टीलच्या ताटात. मोठ्या आजीने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "रंग बरा आहे. पण मांडणी बघ कशी केलीये, एकाला एक लागून." म्हणजे पास झाल्या.

आता तारखेचं राहिलेलं सांगते, कारण मला ते तडीला न्यायचंच होतं. लेख परत आल्यावर आकडे चार दिवसांत होते तिथे आले आणि दिवाळीपर्यंत गेल्या वर्षीच्या वर गेले. यात तारखेचा काही हात नव्हता, कारण तारीख जुनीच होती. तरी खात्री करावी म्हणून अळूच्या लेखावर प्रयोग केला. त्याची तारीख बदलून त्या दिवसाची घातली. लेख ब्लॉगवर सगळ्यांत वर आला. माणसं वाढली पाच. त्यातल्या दोन तुमच्या आत्या, एक काका, एक मास्तर, पाचवा कोण ते कळलं नाही. आठवड्यात सगळं पूर्ववत. मी अळूची तारीखही जागेवर ठेवली आणि खाली तसं लिहिलं. माणसं तारीख बघून येत नव्हती. केळी उतरवायची वेळ झाली की येत होती आणि मोठ्या आजीने सांगितलेलं मिळालं की थांबून वाचत होती.

मांडव दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बांधला. वाकायचं काम काकाने केलं, सात उन्हं, सुट्टी काढून. मोठी आजी खुर्ची टाकून शेजारी बसली आणि एकही केळं त्याला मनासारखं मांडू दिलं नाही. टर्फचे खांब रोवून जाळी तेवढी लागली होती, हिरवी सतरंजी अजून यायची होती, तरी जाळीपलीकडे मुलं खेळत होती. एकदा चेंडू उडून थेट मांडवावर आला आणि दुसऱ्या उन्हाच्या केळ्यांत रुतून बसला. एक मुलगी तो मागायला आली. मोठ्या आजीने चेंडू दिला आणि बरोबर गेल्या वर्षीचं एक सुकेळंही दिलं. मुलीने ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "आजी, ये खराब हुआ है क्या?"

काका एवढा हसला की त्याला मांडवाचा बांबू धरावा लागला. "खा आधी," मोठी आजी म्हणाली. मुलीने खाल्लं. मग जाळीपाशी जाऊन तिने बाकीच्यांना हाका मारल्या आणि गेल्या वर्षीचा डबा त्या दुपारीच संपला.

हे सगळं मी मोठ्या आजीला वाचून दाखवलं आहे. तिने एकच दुरुस्ती सांगितली: बिरडे ओटीभर उडाले नव्हते, थोडेच उडाले होते. मी ते बदललं नाही, कारण मी तिथे होते.

राजेळीच्या दोन्ही ओळी जागेवर उभ्या आहेत. लेख जुन्याच पत्त्यावर, पहिल्याच तारखेखाली आहे.